चौसष्टावा फेरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

काम मिळालं! आजवर दुकानात बसून लोकांच्या वॉशिंग मशीनचे आणि वजनकाट्यांचे बोर्ड दुरुस्त केले. आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "नवीन काही बनवून द्याल का?" विचारणारे म्हणजे बोगद्याच्या कामावरचे सुरक्षा अधिकारी. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून दादा त्यांना शिट्टीसाहेब म्हणतो. मीही इथे तेच लिहिणार, वही माझी आहे.

काम असं आहे. बोगद्याच्या विहिरीत माणसं लोखंडी पाळण्यातून उतरतात आणि तो पाळणा बाबा यारीने सोडतात. यारी म्हणजे एक मोटर, एक ब्रेक आणि पोलादी दोर गुंडाळलेला ढोल. तळाला एका कडेला फळी आहे, माणसं तिच्यावर उतरून बोगद्यात जातात. पण पाळण्याच्या बरोबर खाली फळी नाही, तिथे पंपासाठी पाणी साठवलेला खड्डा आहे, माणूस बुडून वर पाणी राहील एवढा खोल. पाळण्याचं दार फळीशी आल्याशिवाय उघडतच नाही. म्हणून पाळणा फळीशी थांबलाच पाहिजे, आणि आजवर हे सगळं बाबांच्या नजरेवर चालत आलंय. दोरावर पांढरा पट्टा रंगवलाय, तो ढोलावरून सुटला की ब्रेक.

आता वरून आदेश आलाय की नुसत्या नजरेवर माणसं सोडायची नाहीत. ढोलाचे फेरे मोजून पाळणा आपोआप थांबवणारं काहीतरी बसवा. त्या पाळण्यातून रोज आमचा दादा उतरतो, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता.

बाबांना सांगताना मनात धाकधूक होती. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलेला माणूस, म्हणेल आता पोरीचा डबा मला शिकवणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "लवकर होईल का गं?"

बुधवार, ५ फेब्रुवारी

चकती कापून आणली. ही ढोलाच्या शाफ्टच्या टोकाला बसेल आणि त्याच्याबरोबर फिरेल. तिच्या कडेला ओळीने भोकं आहेत. एका बाजूने बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा सेन्सर. भोक आलं की उजेड, भोक गेलं की अंधार. तेवढं मोजायचं काम मायक्रोकंट्रोलरचं, आणि तो काड्यापेटीएवढ्या बोर्डावर मावतो.

जेवताना दादाने चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "मीटरबाई, सेन्सर दोन कशाला?"

"एकाच डोळ्याने मोजलं तर ढोल उलटा फिरला की सुलटा ते कळत नाही. आणि ढोल थांबल्यावर जागच्या जागी थरथरला तर प्रत्येक थरथर फेऱ्यात जमा होते. दोन डोळे जरा पुढेमागे ठेवले की आधी कुणी पाहिलं त्यावरून दिशा कळते."

"डोळ्यांशिवाय काय," मीच पुढे हसत म्हटलं, "आंधळ्या कोशिंबिरीतच भागतं."

कुणीच हसलं नाही. दादाने एकदम पाणी मागितलं. माझे विनोद घरात चालत नाहीत ते नाहीतच.

आई हल्ली बाबांना वाढताना सगळं बोलून दाखवते. "मीठ उजवीकडे, पाणी डावीकडे." म्हातारपणी माणसं एकमेकांचे जास्तच लाड करतात असं दिसतं. बाबा पेपरही मलाच वाचायला लावतात. म्हणे, "तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते."

शनिवार, ८ फेब्रुवारी

यंत्र बसवलं आणि तोंडावर आपटले.

परवा ढोलाचा घेर मोजला होता, विहिरीची खोली नकाशावरून घेतली होती. एका फेऱ्याला माझ्या खांद्याच्या उंचीएवढा दोर सुटतो. हिशोब चोख होता, फळी बरोबर चौसष्ट फेऱ्यांवर. शिट्टीसाहेबांची अट अशी की माणसं पाळण्यात असताना माझी वायर काढून ठेवायची, म्हणून चाचणी जेवणाच्या सुट्टीत. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती छातीएवढी रचून पाळण्यात घातली. बाबांनी टोपी कपाळावर ओढली, पाळणा सोडला, ब्रेक लावला. माझ्या यंत्राच्या पडद्यावर पासष्ट!

एक फेरा जास्त. कडक ऊन थेट चकतीवर पडत होतं, म्हणजे सेन्सरला सूर्यच दिवा वाटला असणार. उजेडावर चालणाऱ्या यंत्राला उघड्यावर बसवणारी मी शहाणी.

वर आली तेव्हा पोती ओली, वरच्या पोत्यांवर काळा तेलकट डाग. विहिरीच्या भिंती पाझरतात आणि दोराचं ग्रीस उडतं. पोती यारीच्या केबिनसमोर भिंतीला टेकवून उन्हात वाळत ठेवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

सेन्सरवर काळ्या रबराचं झाकण चढवलं. चाचणी घेतली तर चौसष्ट! बरोबर चौसष्ट! मी केबिनमध्येच नाचले. बाबाही हसले, म्हणाले, "आज हवा छान आहे." हवा कसली छान, सकाळपासून आभाळ भरून आलंय. पोती कोरडी ठणठणीत आली. ढगाळ हवेत पाझर कमी होतो की काय कोण जाणे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ऊन. पासष्ट. दुसऱ्यांदा साडेपासष्ट. पोती पुन्हा ओली.

आज मला दुकानाचं शटर ओढून घेऊन रडावंसं वाटलं. शिट्टीसाहेब म्हणाले, "ताई, एकोणीस तारखेला मला हे चालू पाहिजे. नाही जमलं तर सांगा, लाज वाटून घेऊ नका." चांगला माणूस आहे, म्हणूनच जास्त लाज वाटते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल दिवसभर चूक शोधली. झाकणावर टॉर्च मारून पाहिला, एकही खोटा आकडा नाही. ढोल हाताने सावकाश फिरवला, उलटा, सुलटा, मुद्दाम थरथरवून. यंत्र मोजतंय ते बरोबर मोजतंय. मग चूक कुठे?

घरी वेगळीच कटकट. दादाला कालपासून ताप आहे. आमची आई शिंक आली तरी पांघरुणात कोंबणारी बाई. आज तिने त्याच्या कपाळाला हात लावला, आणि त्याचा कामाचा शर्ट काढून दिला. मी म्हटलं, "अगं, त्याला घरी ठेव ना. खाली उतरणारा हा काय एकटाच आहे?"

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, चुलीसमोर नसतानाही.

आणि दादाही विचित्र. प्रत्येक फेरीला पाळण्यात हा पाहिजेच. दुसऱ्यांची पाळी असली तरी पुढे घुसतो. पाळण्यातून वरपर्यंत घंटेची तार आहे, एक ठोका म्हणजे थांब. पूर्वी ती अडीनडीलाच वाजायची. हल्ली दादा फळी आली की दर वेळी वाजवतो. त्याचे साथीदार त्याला "पुजारी" म्हणतात. मी बाबांना विचारलं, "हा एवढा घंटा का बडवतो?" तर म्हणाले, "त्याची हौस."

शनिवार, १५ फेब्रुवारी

उत्तर सापडलं. इतकं साधं होतं की स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली.

यंत्र बरोबर आहे, माझं गणित चुकलंय. नकाशा जुना असेल, टेप ताणला गेला असेल. आणि त्या ढगाळ दिवशीचे चौसष्ट? तेव्हा बहुतेक मी वर पाळणा नीट टेकायच्या आत शून्य केलं असणार. कारण एक गोष्ट तर स्वच्छ आहे. रोज माणसं पाळण्यातून उतरतात आणि कोरड्या कपड्यांनी वर येतात. म्हणजे बाबा ब्रेक लावतात तिथेच फळी आहे. कागद आणि बाबा यांत भांडण असेल तर मी लहानपणापासून बाबांच्या बाजूची आहे.

म्हणून प्रोग्रॅम बदलला. एक हिरवं बटण ठेवलं. बाबांनी पाळणा थांबवला की मी ते दाबायचं, यंत्र तो आकडा कायमचा लक्षात ठेवणार आणि पुढे दर वेळी तिथेच थांबणार. आज दुपारी ही शिकवणी झाली. ऊन मी म्हणत होतं. बाबांनी डोळे किलकिले करून दोराकडे पाहिलं, ब्रेक लावला.

"लागला का फळीला?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "लागला."

मी बटण दाबलं. सहासष्ट. वर ओढताना मोटर जरा कण्हली आणि पोत्यांतून धारा लागल्या होत्या. भिंतींचा पाझर वाढतच चाललाय, साहेबांना सांगायला हवं.

दादाने संध्याकाळी ती पोती हाताने दाबून पाहिली. मग म्हणाला, "लवकर चालू कर बाई तुझं यंत्र."

"एकोणीसला करतेय."

"मग सुटलो." इतक्या दिवसांनी तो मोकळा हसला. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास आहे हे मला माहीतच नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

उद्या. यंत्राची वायर आता मोटरच्या ब्रेकला जोडली आहे. नवीन वायरसाठी जागा हवी म्हणून शिट्टीसाहेबांनी घंटेची तार काढायला लावली. त्या जागी नंतर विजेचं बटण येईल. मला वाटलं दादा आकांडतांडव करेल. पण तो म्हणाला, "आता घंटेची गरज काय? मोजणारं यंत्र आहे की." साहेबांना खाली जायचं होतं, त्यांना मात्र याने थांबवलं. "पहिला मी. बहिणीचं यंत्र आहे."

बाबांनी जेवताना पाण्याचा पेला सांडला. आईने पुसलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते. नाही लिहिलं तर डोक्यातून जाणार नाही.

सकाळपासून लख्ख ऊन. दादा एकटाच पाळण्यात शिरला, मला हात केला, दार लागलं. शिट्टीसाहेब बाबांना म्हणाले, "आज तुम्ही नुसतं बसायचं. यंत्राला थांबवू द्या." बाबांनी ब्रेकचा दांडा सोडला, पण हात तिथेच, वीतभर अंतरावर ठेवला. मी त्यांच्या शेजारी पडद्यासमोर.

दहा. वीस. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. चाळीसच्या पुढे मला पडद्याकडे बघवेना, म्हणून समोर पाहिलं. समोर भिंतीला टेकवलेली पोती, पहिल्या दिवसापासून तिथेच वाळत घालतो ती. वरच्या थरातल्या पोत्यांवरचा तो तेलकट डाग. तो डाग नव्हता. ती रेघ होती. सगळ्या पोत्यांवर एकाच उंचीला, आडवी, पट्टीने ओढावी तशी.

उडालेलं ग्रीस शिंतोडे टाकतं. भिंतीवरून पडणारं पाणी वरून खाली ओघळतं. सरळ आडवी रेघ एकच गोष्ट ओढते, साठलेलं पाणी. आणि तळच्या खड्ड्यातल्या पाण्यावर पंपाचं काळं तेल तरंगतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, दादाचे कपडे मीच धुतलेत.

पोती पाण्यात उभी होती. बाबा "लागला" म्हणाले तेव्हा पाळणा पाण्यात होता. आणि यंत्राला मी तोच आकडा पाठ करून दिला होता.

पडद्यावर बासष्ट.

मला वाटलं ओरडले, पण आवाज फुटलाच नव्हता. त्रेसष्ट. पुन्हा तोंड उघडलं. चौसष्ट गेलं.

"बाबा, थांबवा!"

माझा शब्द पुरा व्हायच्या आत दांडा खाली होता. ब्रेक किंचाळला. पावणेपासष्ट. बाबांनी विचारलंसुद्धा नाही का ते. मी "वर, वर घ्या" म्हणत राहिले आणि ते घेत राहिले. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. घंटा तर आम्हीच काढली होती. पाळणा वर येईपर्यंतचा वेळ मला कुणी पुन्हा जगायला सांगितला तर मी नाही म्हणेन.

दादा उभा होता, पांढराफटक. मांड्यांपर्यंत चिंब, त्याच्या पायातून काळं पाणी गळत होतं. आणखी एक फेरा गेला असता तर ते न उघडणारं दार घेऊन तो डोक्यावरून पाण्याखाली गेला असता.

तो चालत केबिनमध्ये आला आणि बाबांच्या समोर, हाताच्या अंतरावर उभा राहिला. पाणी जमिनीवर पसरत होतं. बाबा त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, "कुठवर भिजलास रे?"

 मग बाबांनी हात पुढे केला, चाचपडत. छातीला लावला, कोरडी. पोटाला लावला, कोरडं. मांडीशी हात आला आणि तिथेच थांबला.

मी शेजारी उभी होते. मला तेव्हा कळलं. मीठ उजवीकडे. पेपर. टोपी. घंटा. सगळं एकदम कळलं.

त्याच दिवशी, घरी

भांडले. लिहायला लाज नाही वाटत, खूप भांडले. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं!"

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उन्हात सगळं पांढरं होतं, त्यात पांढरा पट्टा कुठून दिसणार? ढगाळ हवेत तो पुसट तरी दिसतो. दादाला हे थंडीच्या सुरुवातीला कळलं. तेव्हापासून तो प्रत्येक फेरीला पाळण्यात शिरून घंटा वाजवत होता. बापाचे डोळे होऊन.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"ऑपरेशन म्हटलं की रजा," आई म्हणाली, "आणि रजा म्हटलं की तपासणी. खुर्ची जाईल याची भीती वाटायची त्यांना."

"मग मला का नाही सांगितलं? मी मोजायचं यंत्र बनवत होते, मला!"

"तुझ्या पोटात राहिलं असतं का? तू सरळ साहेबांना जाऊन सांगितलं असतंस."

हो, सांगितलं असतं. आणि आज दादाचे पाय कोरडे राहिले असते. हे मी बोलले नाही. बाबा समोर होते.

ते एवढंच म्हणाले, "तू 'लागला का' विचारलंस, मला वाटलं तू तुझा आकडा ताडून बघतेयस. माझ्या शब्दावर यंत्र बेततेयस हे नव्हतं ठाऊक, पोरी. यंत्र आलं की माझी चूक आपोआप झाकली जाईल, असं वाटलं."  मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना मिठीही मारायची होती. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी शिट्टीसाहेबांपुढे उभे राहिलो. ते म्हणाले, "ताई, हे यंत्र मी परत लावू शकत नाही. नेमकं चुकलं काय, ते तरी सांगा."

रात्रभर उत्तर जुळवलं होतं. सेन्सर खराब होता, मी बदलते, असं म्हणायचं. बाबांची खुर्ची वाचेल, माझं नाव जाईल तर जाईल. मी तोंड उघडलं, "सेन्सरमध्ये..."

"सेन्सरला काही झालेलं नाही," बाबा मागून म्हणाले. टोपी काढून हातात घेतली होती. "पोरीचं यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर मोजत होतं. तिचं गणितही बरोबर होतं, चौसष्ट. चूक माझ्या डोळ्यांची आहे साहेब. मला दोर दिसत नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, बस्स."

साहेबांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. ओरडतील असं वाटलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून?" बाबांनी खरं ते सांगितलं. साहेबांनी कपाळ पुसलं आणि खुर्चीवरून उठायला सांगितलं. बाबा आधीच उभे होते.

मी माझा हिस्साही सांगितला. खूण फळीवर जाऊन तपासायची सोडून माणसाच्या शब्दावर घेतली. फळी होती तिथेच होती, उतरून बघायला कुणी अडवलं नव्हतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

घंटा परत आली, ही माझी पहिली अट. खुर्चीवर नवा यारीवाला. तळाला फळीवर दादा, त्याला जुन्या शिडीवरून उतरवलं. पाळण्याचा तळ फळीच्या बरोबरीला आला की त्याने हातातल्या घंटेचा ठोका द्यायचा आणि तेव्हाच मी हिरवं बटण दाबायचं. उन्हात, ढगात, पोती घालून, पोत्यांशिवाय, दर वेळी एकच आकडा. चौसष्ट. पोती कोरडी.

साहेब म्हणाले, "उद्या माणूस."

घरी दादा म्हणाला, "मी." मी म्हटलं, "यंत्र माझं, मी." बाबा पेपर मांडीवर ठेवून बसले होते, उलटा. ते म्हणाले, "पहिली फेरी माझी."

आई उठून त्यांचे बूट पुसायला बसली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बाबा इतक्या वर्षांत एकदाही विहिरीत उतरले नव्हते. हे मला आज कळलं. शेकडो माणसं सोडली, स्वतः कधीच नाही.

दादाने हात धरून त्यांना पाळण्यात उभं केलं, घंटेची तार त्यांच्या मुठीत दिली. पुढच्या आठवड्यात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. साहेब म्हणाले होते, ते झाल्यावर उतरा. बाबा म्हणाले, "दिसायला लागल्यावर उतरण्यात काय अर्थ आहे?"

ऊन लख्ख होतं. मी पडद्यासमोर. आज समोर पाहिलं नाही, पडद्यावरून डोळे हलवले नाहीत. साठ. एकसष्ट.  बासष्ट. नव्या यारीवाल्याचा हात दांड्यावर, माझा ढोल थांबवायच्या नव्या तांबड्या बटणावर. त्रेसष्ट. ढोल मंदावला. चकतीची शेवटची भोकं एकेक करून सरकली.

चौसष्ट. ढोल थांबला.

आणि खालून काहीच नाही.  दादा विहिरीच्या कठड्यावर ओणवा झालेला. साहेबांची शिट्टी ओठांत, पण फुंकर नाही.

मग घंटा वाजली. एकच ठोका, स्वच्छ.

पाळणा वर आला. बाबा दादाच्या हाताला धरून बाहेर पडले, दोन पावलं चालले, आणि मी हाक मारली त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. एक पाय उचलून बुटाचा तळवा माझ्याकडे केला. धूळ होती, वाळूचे दोन कण होते.

"कोरडा आहे का बघ गं," म्हणाले. "मला दिसत नाही."

मी खाली बसून दोन्ही बूट हाताने तपासले.

"कोरडे आहेत, बाबा."